उबाऱ्याचे भिंतीची शोभा

श्रीगजवदनास वंदन, वाग्देवतेस वंदन, आणि हे वाचताना ज्याचे पायांशी शेगडी असेल त्या भाग्यवंतासही वंदन. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे जाहले ते जैसे जाहले तैसे लिहावे, पदरचे घालू नये आणि कोणाचे झाकू नये, ऐसी खाशांची आज्ञा जाहली, ती शिरसा मान्य करून लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची मनाई आहे, आणि ते एक बरे. नावानिशी लिहिले असते तर शेजारची राज्ये पोट धरून हसली असती आणि आम्हांस रडावयासही जागा उरली नसती. तर हे राज्य डोंगरमाथ्यावर, गड उंच, वारा बेफाम, आणि हिवाळ्यात थंडी ऐसी की रांजणातले पाण्यावर साय धरावी तैसा बर्फ धरे, आणि माणूस बोलू लागला म्हणजे शब्दाआधी तोंडातून वाफ निघे. सबब रयत कमी बोले. दरबार मात्र फार बोले, आणि त्या बोलण्यानेच घात केला.

गडावर दिवाणखाना, आणि दिवाणखान्याचे पश्चिमेचे भिंतीत एक शेकोटी. पेशजी कोणी टोपीकर गवंडी वाट चुकून आला, त्याने भिंतीचे पोटात चुलीसारिखी पोकळी करून वर धुराडे काढून दिले. तिजला राज्यात 'उबारा' म्हणत. आत लाकडे पेटवावी, धूर वरचेवर जावा, आणि सारा दिवाणखाना उबदार व्हावा, ऐसी ती सोय. पिढ्यान्‌पिढ्या जाळ होऊन ती भिंत छतापावेतो काळी पडली होती, आणि त्याचे कोणास काही वाटत नव्हते. आबासाहेब महाराज गादीवर, त्यांची राणी मंजुळाबाई, आणि एकच अपत्य, कन्या गजराबाई. गजराबाईंचा जन्म ऐन पौषात त्या उबाऱ्यापुढेच जाहला, आणि सुईण म्हणाली की दुसऱ्या दालनात असती तर पोर हाती लागती ना. पुढे राणीसाहेब कैलासवासी जाहल्या, महाराजांनी दुसरे लग्न केले नाही, आणि लेकीस तळहाताच्या फोडाप्रमाणे वाढवून घाटाखालचे राज्यात दिली. त्या लग्नात विहीणबाई उबाऱ्यापुढे बसल्या आणि सहज बोलिल्या की, "भिंत बरीक काळी आहे हो तुमची! पण ऊब कशी छान आहे." झाले! पहिले वाक्य महाराजांचे काळजात काट्यासारखे रुतले, आणि दुसरे वाक्य कोणी ध्यानातच ठेविले नाही. विहिणीचा मान म्हणजे आमचे लोकांस देवाच्या मानाहून मोठा. देव रुसला तर नवस बोलता येतो, विहीण रुसली तर काय बोलावे?

मग काही वर्षे गेली, आणि आश्विनात घाटाखालून जासूद आला की गजराबाईसाहेबांस सातवा महिना लागला, पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे, सबब त्या येत आहेत. आणि बाईसाहेबांचा तोंडी निरोप ऐसा की, "आबासाहेब, आईनं मला उबाऱ्यापुढं जन्म दिला, मीही तिथंच बाळंत होईन. मला दुसरं काही नको. उबारा तेवढा पेटता ठेवा." हे ऐकून महाराज जागचे उठले, जासुदाचे हाती आपला शेला दिला, आणि एकटेच दिवाणखान्यात जाऊन त्या काळ्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले, आणि डोळे भरून म्हणाले, "लेक येतेय माझी." राणीसाहेब गेल्यापासून महाराजांचे मुखावर ऐसे तेज कोणी पाहिले नव्हते. त्याच घटकेस चार लाकडे घालून उबारा पेटविला असता तर ही बखर लिहिण्याचे कारणच पडते ना. परंतु महाराजांचा स्वभाव ऐसा की मनातली गोष्ट एकट्याने करवत नसे. जेवणात मीठ कमी असले तरी दहा जणांस विचारून मग म्हणत की कमी आहे. आणि येथेच घोडे पेंड खाते. महाराजांनी भिंतीवरला हात काढिला, तो काजळीने माखला होता, तो पाहिला, विहीणबाईंचे ते वाक्य आठविले, आणि म्हणाले, "दरबार भरवा."

दरबार भरला. महाराज बोलिले की, "लेकीबरोबर विहीणबाईंची माणसे येणार. ही भिंत त्यांनी पाहावी आणि घरी जाऊन सांगावी, ऐसी जाहली पाहिजे. काय करावे?" अहाहा! 'काय करावे' हा प्रश्न आमचे दरबारात टाकणे म्हणजे मुंग्यांत गूळ टाकणे. कारभारी विसाजीपंत, ज्यांस पांढरे ते सर्व शुद्ध वाटे, ते उठून बोलिले की, "सरकार, आधी काळे घालवावे. शंखजिऱ्याचा गिलावा करावा, घोटून घोटून ऐसा करावा की मुखडा दिसावा." तोच सरदार हैबतराव मिशीस पीळ भरीत उठले, आणि म्हणाले, "नुसती पांढरी भिंत म्हणजे विधवेचे कपाळ! वर आमच्या शिकारीच्या सांबराची शिंगे लावा, खाली ढाली, भोवती तलवारी पंख्यासारख्या. पाहणाराची छाती दडपली पाहिजे." बाळंतीण होऊ घातलेल्या पोरीची छाती कशास दडपावी, हे विचारणारा तेथे कोणी नव्हता. मग ज्योतिषी बाळंभट बोलिले की, अग्नीची दिशा आग्नेय, आणि हा अग्नी पश्चिमेस, हा मोठा दोष. तर उबाऱ्याचे माथ्यावर थोर आरसा लावावा, म्हणजे दोष आरशात शिरेल आणि परतून ज्याचा त्यास लागेल. ज्याचा म्हणजे कोणाचा, ते शास्त्रात नव्हते. मग महाराजांचे चुलतबंधू जानराव, जे एकदा बंदरावर जाऊन आले होते आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत बंदर काढीत, ते म्हणाले की बंदरावर थोर लोक शेकोटीभोवती निळ्या चिनी फरश्या बसवितात, वर फळी ठोकून तीवर फुलदाण्या मांडतात, आणि फळीवर दोन्ही बाजू सारख्या नसाव्या, एकीकडे उंच आणि एकीकडे ठेंगणे ऐसे असावे, त्यात गंमत असते. यावर विसाजीपंत आणि जानराव यांची फळीवरून ऐसी जुंपली की पानिपतावर तितकी जुंपली असेल की नाही कोण जाणे. एक म्हणे डावी-उजवी सारखी पाहिजे, एक म्हणे सारखे ते देवघरात. मग कोणी म्हणाले पूर्वजांच्या तसबिरा लावा, तर कोणते पूर्वज वर आणि कोणते खाली यावर दोन घराण्यांचे पाणी तुटले. आणि महाराज प्रत्येकाचे ऐकून प्रत्येकास म्हणत, "हेही खरे आहे." शेवटी निकाल केला की, "कोणाचाही मान मोडू नये. सर्वच करा."

मग गवंडी आले, सुतार आले, तांबट आले, चितारी आले, आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी खरवडून काढिली, आणि गिलावा जाहला, आणि निळ्या फरश्या बसल्या, आणि शिंगे, ढाली, तलवारी चढल्या, आणि आरसा चढला, आणि फळी जाहली, तिची एक बाजू विसाजीपंतांचे मताने आणि दुसरी जानरावांचे मताने, त्यामुळे ती न सारखी न गमतीची. तसबिरा लागल्या, आणि त्यांमधली जी जागा उरली ती बोडकी दिसते म्हणून तीस सोन्याचा वर्ख लाविला. आणि जी जी वस्तू चढे तिची पूजा होई, हळदकुंकू वाहत, नारळ फोडीत, आणि देणारास विडा देत, ऐसा आमचा रिवाज, की एकदा मानाची वस्तू राजाचे भिंतीस लागली म्हणजे ती त्या घराण्याची इभ्रत जाहली. आता राहिले उबाऱ्याचे तोंड. ते सर्वांचे मध्यावर काळे, आ वासून दिसे, आणि धुराड्यातून काजळीचे कपटे पडून फरशी मळे. तेव्हा तांबटाने एक मोठा पितळी सूर्य घडविला, किरणांसुद्धा, आणि तो धुराड्याचे तोंडाशी घट्ट बसवून टाकिला. खाली चांगली सुबक लाकडे रचिली, त्यांस गुलाली रंग दिला, वर झेंडूची माळ घातली. दुरून पाहता खरोखर जाळ आहे ऐसे वाटे. महाराज पुढे बसून पाहत आणि म्हणत, "आता बोला म्हणावे काळी!" नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण येथे तर नाकच मोत्याखाली दिसेनासे जाहले होते, आणि श्वास कोठून घ्यावा हा विचार कोणाचे मनी आला नाही.

मग मार्गशीर्षात गजराबाईसाहेबांची डोली आली. बरोबर विहीणबाईंचे विश्वासाची बाई, पारूआत्या म्हणून, वयस्क आणि मितभाषी. वाद्ये वाजली, भाकरतुकडा ओवाळून टाकिला, आणि महाराज लेकीचे मुखावरून हात फिरवून तिला थेट दिवाणखान्यात घेऊन गेले, तिला बसूही दिले नाही, आणि म्हणाले, "बघ!" बाईसाहेब अंगावर दोन शाली घेऊन, पोटावर हात ठेवून, त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. दात दातांवर वाजत होते. भोवती सर्व मानकरी आपापल्या वस्तूखाली उभे, आता आपलीच वस्तू वाखाणतील म्हणून. बाईसाहेब म्हणाल्या, "छान आहे, आबासाहेब. फार छान. आता उबारा पेटवा ना, घाटात गारठून गेले मी." महाराजांचे मुख उतरले. म्हणाले, "पेटवू, पेटवू. वर्ख ओला आहे बाळ, तो वाळू दे." बाईसाहेबांनी पुन्हा पाहिले, तो रंगविलेली लाकडे आणि पितळी सूर्य त्यांचे ध्यानी आला, आणि त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली. पारूआत्या पुढे जाऊन फरशीवर तळवा ठेवून आल्या, आणि म्हणाल्या, "भिंत देखणी आहे, महाराज. आमच्या थोरल्या बाईसाहेबांना, विहीणबाईंना, सांगेन मी. पण हात गारठला हो." दरबाराने पहिले वाक्य ऐकिले आणि एकमेकांस टाळ्या दिल्या. काय म्हणावे या लोकांस! कानाचे ठिकाणी यांस देवाने कोनाडे दिले आहेत.

मग बाईसाहेबांस आतले दालनात ठेविले आणि कोळशाची शेगडी दिली, पण बंद दालनात कोळशाने डोके उठे, आणि उघड्या दालनात वारा भणाणे. सुईण आली, पोट पाहून म्हणाली की ऐशा थंडीत मूल जगविणे माझे हाती नाही, उबारा पाहिजे. म्हणून बाईसाहेब स्वतः चालत दिवाणखान्यात आल्या, आणि भर दरबारात, जे त्यांनी जन्मात केले नव्हते, वडिलांचे पुढे बसल्या, आणि बोलिल्या, "आबासाहेब, मला इथंच राहायचंय हो. सासरी मला कुणी वाईट वागवत नाही, पण हे माझं घर आहे. पुन्हा काही मला येता यायचं नाही, सून म्हणजे बांधलेली. तुमच्या मांडीवर नातवंड ठेवायचं आहे मला. एवढी भिंत काळी होऊ द्या. मी राहते." हे ऐकून तेथे ज्यास म्हणून लेक होती तो प्रत्येक जण जमिनीकडे पाहू लागला. महाराज उठले. मोठ्याने म्हणाले, "उतरवा सर्व! सूर्य काढा! उबारा पेटवा!" आणि आम्ही सर्व म्हणालो, "अवश्य! अवश्य!" आणि खरोखर, ईश्वर साक्ष, हा महाराजांचे आयुष्यातला सर्वांत थोर क्षण होता. तो क्षणच राहिला.

कारण की जाळ होता मानाच्या वस्तू काळवंडतील, सबब त्या आधी उतरल्या पाहिजेत, आणि मग प्रश्न निघाला, आधी कोणाचे उतरावे? हैबतराव म्हणाले, "शिंगे उतरतील, का नाही उतरणार? बाईसाहेबांसाठी मान उतरवून देऊ. पण आमची शिंगे पहिली उतरली तर गावभर होईल की हैबतरावांचा मान आधी गेला. आधी आरसा उतरू दे." बाळंभट म्हणाले, "आरसा आधी काढिला तर दोष मोकळा सुटेल. आधी फळी." जानराव म्हणाले, "माझी अर्धी फळी माझ्या हाताने काढीन, पण पंतांची अर्धी आधी निघाली पाहिजे." पंत म्हणाले, "गिलावा काही उतरत नाही, मी कशास मध्ये पडू?" आणि तसबिरांपैकी कोणते घराण्याचा पूर्वज आधी जमिनीस लागावा यावर तर म्यानाशी हात गेले. पेटवू नका ऐसे कोणीच म्हणत नव्हता. सर्वांचे मत एकच की पेटवावे. परंतु पहिला होण्यास कोणी तयार नाही. शिडी आणून भिंतीस लाविली, आणि ती तशीच उभी राहिली, तीवर कोणी चढेना. महाराज एकाचे मुखाकडे पाहत, मग दुसऱ्याचे, आणि म्हणत, "हेही खरे आहे, हेही खरे आहे." अरे, तुमचे लेकीचे प्राणांशी गाठ आहे, आणि हे काय खरे घेऊन बसलात? एक लाथ घालून तो पितळी सूर्य पाडिला असता तर सारे मानकरी रुसून चार दिवसांत आपोआप हसले असते. पण ज्यास कोणाचेच मन मोडवत नाही, त्याचे हातून आपले माणूस मोडते. संध्याकाळ जाहली, दरबार बरखास्त जाहला, आणि महाराज लेकीस म्हणाले, "आठ दिवस थांब. सर्वांची समजूत काढतो." लेक म्हणाली, "बरं, आबासाहेब." या 'बरं' मध्ये काय होते ते लिहिण्याची ताकद या लेखणीत नाही.

पारूआत्यांनी विचार केला की घाटात दंव घट्ट होऊन वाट मोडण्याआधी निघावे, नाही तर पोर येथेच दगावेल. सकाळी डोली सजली. बाईसाहेबांनी वडिलांचे पायांवर डोके ठेविले, पोटामुळे वाकता येईना तर महाराजांनीच खाली बसून त्यांस धरिले. महाराज म्हणाले, "रागावलीस?" त्या म्हणाल्या, "तुमच्यावर कसली रागावू? तुम्ही कुणावर रागावला असतात तर बरं झालं असतं." आणि डोलीचा पडदा सोडिला. महाराज तटावरून डोली दिसेनाशी होईपावेतो पाहत राहिले, आणि मग दिवाणखान्यात येऊन भिंतीपुढे बसले. शिडी तशीच होती. वर्ख वाळला होता.

मग पुढे पौष लागला, आणि घाटाखालून जासूद आला, थंडीने नाक लाल, मिशीस दंव, आणि हातात साखरेची पुडी. गजराबाईसाहेब सुखरूप बाळंत जाहल्या, कन्यारत्न जाहले. महाराजांनी साखर तोंडात घातली आणि रडू लागले. विचारिले, "कोठे बाळंत जाहली?" जासूद म्हणाला, "सरकार, विहीणबाईंच्या सैपाकघरात, चुलीजवळ. धाकली-थोरली सगळी माणसं त्यांनी दुसरीकडे हलवली, आपला पलंगही बाईसाहेबांना दिला. भिंत काळीकुट्ट, पण बाळंतीण घामाघूम होती बघा." मग म्हणाला की बाईसाहेबांचा निरोप आहे, आणि तो एकट्या महाराजांसच सांगावयाचा आहे. सर्वांस बाहेर घालविले. हा लिहिणारा दाराआड होता, कारण वर्तमान लिहिणे हे त्याचे काम. निरोप ऐसा की, "बारशाला नाव आजोळचंच ठेवायचं, असं मी सासूबाईंकडून मागून घेतलं आहे. आबासाहेबांनी नाव सांगावं. एकट्यांनी सांगावं, दरबार भरवू नये. ते सांगतील तेच ठेवीन." आपला बाप लेकीने पुरता ओळखिला होता, आणि तरी त्यास आणखी एक वेळ दिली होती.

महाराजांचे मनात नाव तयार होते. ते सर्वांस ठाऊक होते, जासुदास ठाऊक नव्हते इतकेच. राणीसाहेबांचे नाव. मंजुळा. दुसरे कोणते असणार? महाराजांनी तोंड उघडिले, आणि ओठ हलले, आणि शब्द निघेना. कारण आमचे राज्यात नवरा बायकोचे नाव घेत नाही. उभ्या जन्मात त्यांनी ते घेतले नव्हते. ती होती तेव्हा 'गजरेची आई', आणि गेली तेव्हा चितेपुढेही 'गजरेची आई' म्हणूनच हंबरडा फोडिला होता. लाजेने त्यांचे कान लाल जाहले. म्हाताऱ्या राजाची ती लाज पाहून जासुदानेही मान खाली घातली. महाराज म्हणाले, "थांब हो बाबा. हे आमच्या तोंडून कसे निघावे? विसाजीपंतांस बोलावतो, ते सांगतील." हरहर! पंत आले, आणि पंत एकटे कधी आले होते? मागोमाग सारेच आले. पंत म्हणाले, "राणीसाहेबांचे नाव आम्ही चाकरांनी घ्यावे, ही बेअदबी. सरकारांनीच घ्यावे." हैबतराव म्हणाले, "त्यात काय, उखाण्यात घ्यावे, रिवाज आहेच." सर्वांस ती गोष्ट इतकी आवडली की माना डोलू लागल्या, आणि उखाणा जुळविण्यास सारा दरबार बसला. कोणी म्हणाले, "उबाऱ्याच्या भिंतीला सोन्याचा वर्ख..." आणि पुढे 'फरक' घालावा की 'तर्क' यावर दोन पक्ष जाहले. बाळंभट म्हणाले, मुळात नक्षत्राचे अक्षर 'म' येत नाही. जानराव म्हणाले, बंदरावर हल्ली आटोपशीर नावे ठेवितात. जासूद दाराशी उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि शेवटी हात जोडून बोलिला, "सरकार, वाट लांब आहे आणि बारावा दिवस कुणासाठी थांबायचा नाही. निघतो मी." आणि गेला.

कोणी वाचणारा म्हणेल, अहो, 'तिच्या आईचे नाव ठेव' इतके म्हटले असते तरी पुरले असते. होय, पुरले असते. ही युक्ती महाराजांसही सुचली, जासूद गडाचे दुसऱ्या दरवाज्याबाहेर पडल्यावर. महाराज अनवाणी तटावर धावले, आणि खाली वळणावर तो दिसत होता, त्याजकडे दोन्ही हात करून ओरडले, "आईचे नाव! अरे, तिच्या आईचे!" वारा सुटला होता, तो शब्द वरचे वर घेऊन गेला. जासुदाने मागे वळून पाहिले, त्यास वाटले निरोप देत आहेत, त्याने वाकून मुजरा केला आणि वळणाआड गेला. मागाहून स्वार पाठवावा तर कोणाचे पथकातला पाठवावा, ज्याचा जाईल त्याचा मान, यावर पुन्हा बैठक बसली, आणि ती उठली तेव्हा बारावा दिवस उलटला होता आणि घाट गोठून बंद जाहला होता. तेव्हापासून महाराज भिंतीपुढे बसतात, अंगावर चार घोंगड्या घेऊन, आणि जो कोणी आत येईल त्यास विचारतात, "काय ठेवले असेल हो नाव?" आणि प्रत्येक जण एक नाव सांगतो, आणि महाराज म्हणतात, "हेही असेल."

तात्पर्य लिहावयाचे तर येणेप्रमाणे: भिंत सर्वांचे मते उत्तम जाहली, कोणाचाही मान मोडला नाही, उबारा पेटला नाही. महाराजांस खोकला आहे, घाट उघडेपावेतो टिकतील ऐसे वैद्य म्हणत नाहीत. राजकन्येस मुलगी आहे, सुखरूप आहे. तिचे नाव या दप्तरात लिहावयाचे आहे, पण ते आम्हांस ठाऊक नाही, म्हणून जागा कोरी सोडली.